बाळंतपण बऱ्हाणपुरात, अकरावी कोट्यात

मेळघाटातल्या धारणीहून अमरावतीला यायचं तर हरिसाल, सेमाडोह, परतवाडा असं घाटवळणांनी अर्धा दिवस खर्ची पडतो. बऱ्हाणपूर त्याच्या निम्म्या अंतरावर. म्हणून धारणीचा बाजार बऱ्हाणपूरशी, दवाखाना बऱ्हाणपूरशी आणि सोयरीकही बऱ्हाणपूरशी. मधे दोन राज्यांची हद्द आहे, पण लग्न जमवताना ती कोणी पाहत नाही. पहिलं बाळंतपण रीतीनं माहेरी होतं. बाळाचा जन्मदाखला मध्य प्रदेशाचा निघतो. सव्वा महिन्यानं बाळबाळंतीण धारणीला येतात, सहाव्या वर्षी पोरीचं नाव शाळेत घालतात आणि रजिस्टरात गुरुजी लिहितात : जन्मस्थळ, बऱ्हाणपूर. हा रकाना पुढची दहा-बारा वर्षं कोणी वाचत नाही. तो वाचला जातो बारावीनंतर, प्रवेशाच्या फॉर्मवर. तिथं विचारलेलं असतं की उमेदवार महाराष्ट्राचा आहे का, आणि असेल तर कशावरून.

अमेरिकेत सरकारी विद्यापीठात राज्यातल्या पोराला एक फी आणि बाहेरच्याला दुप्पट-तिप्पट फी असते. आपल्याकडे सरकारी कॉलेजच्या फीची पाटी बहुधा सगळ्यांना सारखीच दिसते. फरक सीटवर पडतो. एमबीबीएसच्या सरकारी सीटची वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या घरात, खासगी कॉलेजातली आठ-दहा लाख आणि त्याच्याही वर. सरकारी कॉलेजातल्या पंच्याऐंशी टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या. त्या कोट्यात बसलात तर वावर राहतं, नाही बसलात तर विकावं लागतं. फी माफीचा हिशेबही इथूनच सुरू होतो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठीची राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, २०२४ पासून मुलींना मिळणारी व्यावसायिक शिक्षणाची शंभर टक्के शुल्कमाफी, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता : यांतलं काहीही घ्यायला गेलं की महाडीबीटीचा फॉर्म आधी डोमिसाईल मागतो. पापळच्या शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेबांच्या नावाचा भत्ता घ्यायलाही आपण इथलेच आहोत हे सिद्ध करावं लागतं.

या कागदाचं सरकारी नाव लांबलचक आहे : वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र. अकोल्यात असो की अमरावतीत, सगळे त्याला डोमिसाईलच म्हणतात. निकाल लागला की तहसीलच्या आवारात आणि गल्लोगल्लीच्या सेवा केंद्रांवर झुंबड उडते. बापाच्या हाती प्लास्टिकची पिशवी, तिच्यात राशन कार्ड, विजेचं बिल, आधार, पोराची टीसी. काउंटरवरचा पोरगा स्क्रीनवरून नजर न काढता विचारतो, ‘‘बापाची टीसी आनली काय?’’ बाप म्हणतो, ‘‘माही काहून लागते बापा? शिकनार तं थो हाय.’’ हा संवाद वऱ्हाडातल्या प्रत्येक सेतू केंद्रावर होतो आणि गंमत म्हणजे त्यात बापाचा मुद्दा रास्त असतो.

बापाची टीसी का लागते ते नीट पाहिलं तर सगळी अडचण कळते. नियम सलग पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा. पोरगी सतराची. शाळेची कागदं सुरू होतात सहाव्या वर्षापासून, म्हणजे फार तर अकरा-बारा वर्षांचा पुरावा झाला. जन्म महाराष्ट्रातला असेल तर जन्मदाखला पहिलं टोक धरतो आणि मधली वर्षं कोणी मोजत बसत नाही. जन्म बऱ्हाणपूरचा असला की पाळण्यापासून पहिलीपर्यंतची वर्षं कागदावर रिकामी राहतात. ती भरायची बापाच्या कागदांनी : त्याची टीसी, त्याचं डोमिसाईल, घराची कर पावती, तलाठ्याचा दाखला. बाप शाळेत गेलेलाच नसेल, घर सासऱ्याच्या नावावर असेल, वीज मीटर काकाच्या नावावर असेल, तर चकरा सुरू. सेवा हक्क कायदा २०१५ चा आहे आणि या दाखल्याला त्यात मुदत ठरलेली आहे, पण मुदतीचा मीटर अर्ज पूर्ण झाल्यावर पडतो. अर्ज ‘त्रुटीत’ निघाला तर तो पुन्हा शून्यावर येतो. एक सुधारणा मात्र मान्य केली पाहिजे. शंभराचा स्टॅम्प पाचशेचा झाल्यावर प्रतिज्ञापत्रापायी जी लूट सुरू झाली होती ती मार्च २०२५ मध्ये महसूल मंत्र्यांनी असल्या दाखल्यांपुरता मुद्रांक माफ करून थांबवली. साध्या कागदावरचा स्वयंसाक्षांकित अर्ज चालतो. कोणी तरीही स्टॅम्प आणा म्हणालं तर आणू नका.

जन्म कुठला आणि राहणं कुठलं, या दोहोंत कशाला मोल द्यायचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तोही वऱ्हाडाच्या शेजारूनच. इंदूरचं महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेज तेव्हा मध्य भारत राज्याचं. तिथं नियम असा की मध्य भारतातल्या खऱ्या रहिवाशाला कॅपिटेशन फी नाही, बाहेरच्याला वर्षाला पंधराशे रुपये. त्या काळचे पंधराशे. दिल्लीच्या डी. पी. जोशी नावाच्या विद्यार्थ्यानं दाद मागितली की ही समानता नव्हे. जानेवारी १९५५ मध्ये पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी नियम उचलून धरला. घटनेचा पंधरावा अनुच्छेद जन्मस्थळावरून भेदभाव करायला बंदी घालतो, वास्तव्यावरून नाही, असं त्यांचं म्हणणं. राज्यानं आपल्या तिजोरीतून कॉलेज काढलं, तर त्याचा लाभ राज्यात राहणाऱ्यांना आधी मिळावा यात गैर काय? न्या. जगन्नाधदास यांचं मत मात्र वेगळं पडलं. आज प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या फॉर्मवर जो प्रश्न येतो, त्याचं मूळ या निकालात आहे.

त्या सालातलं आपलं चित्र आठवून पाहा. तेव्हा अकोटचा एखादा पोरगा डॉक्टर व्हायला इंदूरला गेला असता तर तिथं तो परराज्यातला ठरून पंधराशे मोजता. कारण वऱ्हाड तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होतं त्याची राजधानी नागपूर होती आणि इंदूर त्या राज्यात नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ ला इंदूर मध्य प्रदेशात आलं आणि त्याच दिवशी वऱ्हाड त्यातून निघून मुंबई राज्यात गेलं. चार वर्षं न होतात तोच १ मे १९६० ला महाराष्ट्र. त्याआधीचा इतिहास तर आणखी अजब : मालकी निजामाची, १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, १९०२ ला कायमचा पट्टा, १९०३ ला मध्य प्रांताशी जोडणी, आणि १९३६ च्या करारानंतर हैदराबादच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब. दर्यापूरचा एखादा शेतकरी आपल्या ओसरीवरून न उठता एका आयुष्यात चार अमलांखाली राहून गेला. त्याला कोणी पंधरा वर्षांचं सलग वास्तव्य विचारलं असतं, तर त्यानं कोणत्या राज्यातलं सांगितलं असतं?

हे नुसतं इतिहासाचं कौतुक नाही. वऱ्हाडाला या प्रश्नाचं भय आधीपासून होतं. १९५३ च्या नागपूर करारात शिक्षणाच्या सोयींचा हिस्सा मागून घेतला गेला. घटनेच्या ३७१ (२) अनुच्छेदात विदर्भ आणि मराठवाड्यासाठी तांत्रिक शिक्षणाच्या पुरेशा सोयींचा न्याय्य बंदोबस्त असे शब्द आले ते याच भयापोटी. आपली पोरं पुण्या-मुंबईच्या पोरांसमोर एका रांगेत उभी राहिली तर मागं पडतील, ही ती भीती. मेडिकलच्या प्रवेशात सत्तर-तीसचा विभागीय कोटा त्यातूनच पुढं आला : सत्तर टक्के जागा विभागातल्यांना, तीस राज्यभरातून. सप्टेंबर २०२० मध्ये तेव्हाचे वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख यांनी तो रद्द झाल्याचं विधानसभेत जाहीर केलं. मराठवाड्यात आनंद झाला, कारण तिथं कॉलेजं कमी आणि गुणवंत जास्त. विदर्भात कुरकुर झाली. माझ्या मते कोटा जाणं चुकीचं नव्हतं. त्याच्या जागी कॉलेजं यायला हवी होती, ती फार उशिरा आली. अमरावती विभागात तोवर सरकारी मेडिकल म्हणजे १९८९ चं यवतमाळ आणि २००२ चं अकोला, बस्स. अमरावतीसारख्या विभागाच्या ठिकाणी शिवाजी शिक्षण संस्थेचं खासगी कॉलेज १९८४ पासून होतं, सरकारी आलं २०२४ मध्ये, बुलडाणा आणि वाशीमच्या बरोबरीनं. आता पाचही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल आहे. राज्य होऊन तोवर चौसष्ट वर्षं झाली होती.

इंजिनीअरिंगमध्ये विभागाचा कोटा अजून दुसऱ्या रूपात जिवंत आहे. संलग्न कॉलेजांत सत्तर टक्के जागा ‘होम युनिव्हर्सिटी’च्या. ही होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी कुठून केली त्यावरून, घर कुठं आहे त्यावरून नव्हे. वाशीमचा पोरगा अकरावी-बारावीला लातूरला गेला की तो नांदेड विद्यापीठाचा झाला आणि घराशेजारच्या बडनेऱ्यात पाहुणा. उलट हिंगोलीहून अकोल्याच्या क्लासेससाठी आलेला पोरगा अमरावती विद्यापीठाचा घरचा. नीट-जेईईच्या क्लासेसनी अकोल्यात अशी हजारो पोरं आणून सोडली आहेत. त्यांच्या आईबापांनी मेसची भाजी चाखून पाहिलेली असते, खोलीचं भाडं घासाघीस करून ठरवलेलं असतं, पण आपल्या पोराचं विद्यापीठ बदललं हे त्यांना दोन वर्षांनी कळतं.

विद्यापीठ बदललं तरी निभतं. राज्य बदललं तर निभत नाही. महाराष्ट्राच्या कोट्यातून एमबीबीएस हवं असेल तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजांतून झालेली हवी, शिवाय डोमिसाईल. लष्करात किंवा सरकारी नोकरीत असलेल्यांच्या मुलांना ठरावीक सवलती आहेत, बाकीच्यांना नाहीत. आता कोटा शहराचं घ्या. अकोल्या-अमरावतीतला बाप पोराला राजस्थानात कोट्याला पाठवतो. क्लासवाले तिथल्याच एका शाळेत अकरावीचं नाव टाकून देतात, हजेरीचं टेन्शन नको म्हणून. त्या सहीबरोबर पोराचा महाराष्ट्रातला पंच्याऐंशी टक्के कोटा गेलेला असतो. बाप खापरपणज्यापासून बार्शीटाकळीचा असला तरी गेला. हाती राहते अखिल भारतीय पंधरा टक्क्यांची रांग, जिथं अख्खा देश उभा असतो. म्हणून जाणते लोक नाव इथल्याच एखाद्या ज्युनिअर कॉलेजात ठेवतात आणि पोरगा मात्र कोट्यात. कॉलेजला हजेरी लागते, पोरगा परीक्षेपुरता उगवतो. हा खोटेपणा आहे आणि तो राजरोस चालतो. पण नियमच असा की खरं वागणारा घरी बसतो आणि खोटी हजेरी लावणारा सीट घेऊन जातो.

हैदराबादचं प्रकरण याहून वाईट. वऱ्हाडातून तिकडच्या निवासी कॉलेजांत जाणारी पोरं कमी नाहीत. तेलंगणाचा नियम असा की बारावीपर्यंतची सलग चार वर्षं, म्हणजे नववीपासून, तेलंगणात शिकलेला असेल तोच स्थानिक. तिथलेच रहिवासी असलेल्या, पण दोन वर्षं बाहेर शिकलेल्या मुलांनी त्याला आव्हान दिलं. तेलंगणा उच्च न्यायालयानं त्यांची बाजू घेतली, पण १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं नियम कायम ठेवला. खंडपीठावर सरन्यायाधीश भूषण गवई होते, आपल्या अमरावतीत जन्मलेले. याचा अर्थ अकोटहून दहावी करून अकरावीला हैदराबादला गेलेलं पोर महाराष्ट्रातूनही बाद आणि तेलंगणातूनही बाद. दोन राज्यांचे दोन नियम, दोन्ही आपापल्या जागी कायदेशीर, आणि दोघांच्या मधल्या फटीत सोळा वर्षांचं पोर. त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

सीईटी सेलच्या पुस्तिकेत इंजिनीअरिंगसाठी उमेदवारांचे ‘ए’ ते ‘ई’ असे प्रकार दिले आहेत. राज्याला कोण आपलं वाटतं, ते या पाच प्रकारांत जितकं उघड दिसतं तितकं कुठल्याही भाषणात दिसत नाही. ‘ए’मध्ये दहावी-बारावी इथली आणि जन्म किंवा डोमिसाईल इथलं. ‘बी’मध्ये शिक्षण कुठलंही, पण आई, बाप किंवा स्वतः उमेदवार डोमिसाईलधारक. ‘सी’ म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची मुलं : बदली होऊन बाप अंतिम तारखेआधी इथं रुजू झाला की पुरे. ‘डी’ राज्य कर्मचाऱ्यांची. ‘ई’ सीमाभागातली, मातृभाषा मराठी असलेली, कर्नाटकच्या ताब्यातल्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे तिथली. बेळगावच्या मराठी पोराला दार उघडं ठेवलं हे योग्यच झालं. बऱ्हाणपुरातही मराठी घरं थोडी नाहीत, पण तिथं दावा नाही म्हणून दारही नाही.

आता ‘सी’ प्रकार घ्या आणि त्याच्या शेजारी अकोल्याच्या एमआयडीसीतली डाळ मिल ठेवा. समजा, बडनेऱ्याला बिहारहून बदलून आलेला एक रेल्वे कर्मचारी आहे. यंदा आला, पोरानं शिक्षण बिहारात केलं, तरी बदलीच्या हुकुमावर पोरगा ‘सी’. आणि समजा, उत्तर प्रदेशातला एक हमाल २०१२ मध्ये बायको आणि तीन वर्षांचं पोर घेऊन अकोल्यात आला. पोरगं पहिली ते बारावी अकोल्यात शिकलं, मराठीत भांडतं, पावसाळ्यात मोर्णा नदीच्या पुरात पाय बुडवत शाळेत गेलं. २०२६ मध्ये त्याची बारावी. जन्म इथला नाही, वास्तव्य चौदा वर्षं. एक वर्ष कमी. ते राज्यासाठी परकं. कायद्याच्या भाषेत यात विसंगती नसेलही. बदली ही सक्ती आणि स्थलांतर ही मर्जी, असं कोणी म्हणेल. डाळ मिलच्या हमालाचं स्थलांतर मर्जीचं होतं हे म्हणणारानं एकदा उन्हाळ्यात तिथं पोतं उचलून पाहावं.

न्यायालयांनी या सगळ्याला वेळोवेळी लगाम घातला आहे. प्रदीप जैन खटल्यात २२ जून १९८४ ला न्या. भगवती यांनी सांगितलं की भारतीयाचा अधिवास एकच, तो भारताचा. राज्यं ज्याला डोमिसाईल म्हणतात ते खरं तर राहण्याचं ठिकाण. सगळ्याच जागा रहिवाशांसाठी राखणं त्यांनी बेकायदा ठरवलं आणि आजचा अखिल भारतीय पंधरा टक्क्यांचा कोटा त्या खटल्यातून पुढं निघाला. २९ जानेवारी २०२५ च्या तन्वी बहल निकालानं आणखी पुढचं पाऊल टाकलं : एमबीबीएसला रहिवासाचा विचार काही प्रमाणात चालेल, एमडी-एमएसला अजिबात नाही. अकोल्याच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या मुलीला तिथंच शिकल्याचा काही फायदा पुढं मिळू शकतो, पण ती अकोल्याची आहे म्हणून नव्हे.

मला हा निकाल पटतो आणि एमबीबीएसचा कोटाही पटतो. ज्या मुलखाला कॉलेजं मिळायला इतकी वर्षं थांबावं लागलं, तिथल्या पोरांना आधी आत घ्यायला हवं. फक्त एक समजूत सोडून द्यावी : डोमिसाईलवाला डॉक्टर झाला की आपल्या गावी परत येतो. मेळघाटातल्या बालमृत्यूंवर १९९३ पासून बोललं जातंय, तज्ज्ञ डॉक्टरांची जागा तरी तिथं भरता भरत नाही. एमबीबीएस झालेल्याला वर्षभर सरकारी सेवेत ठेवणारा दहा लाखांचा बंधपत्राचा नियम या कामी जितका उपयोगी आहे, तितका तलाठ्याचा दाखला कधीच होणार नाही. दाखला पोर कुठून आलं ते सांगतो, कुठं जाणार ते नाही.

अकोल्या-अमरावतीची कितीतरी घरं आता अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडून ऐकावं तर गंमत वाटते. टेक्सास असो की कॅलिफोर्निया, तिथं साधारण वर्षभर खरं राहणं दाखवलं, घर-कर-लायसन्स यांची कागदं दिली, तर एच-वन व्हिसावरच्या बापाच्या पोरालाही राज्याची फी लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठात हा फरक वर्षाला तीस हजार डॉलरच्या वर जातो. कनेक्टिकट राज्यानं, अर्जावेळी पत्ता बाहेरचा होता म्हणून एका विद्यार्थिनीला शिक्षण संपेपर्यंत बाहेरची ठरवलं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्ये ते रद्द केलं : माणसाला आपण इथले झालो हे दाखवायची संधी द्यावीच लागेल, एकदा मारलेला शिक्का कायमचा नसतो. त्या देशाचं कौतुक करायची गरज नाही. तीच पोरं एकविसावं लागलं की ग्रीन कार्डाच्या रांगेत बापापासून वेगळी पडतात. पण फेरतपासणीचा तो हक्क आपल्याकडं हवा होता. कोट्याला अकरावी केलेल्या वऱ्हाडी पोराला, आईबाप इथं, वावर इथं, दहावीपर्यंतची शाळा इथं, हे सांगायला एखादी खिडकी असायला हवी. आज ती नाही.

करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्याला कायदा बदलायची गरज नाही. नववीतच शाळेनं वर्गातल्या सगळ्या पोरांचे डोमिसाईलचे अर्ज एकगठ्ठा तहसीलला पाठवावेत. शाळेत शिबिर लावून जातीचे दाखले देता येतात, मग हाही देता येईल. दहावीच्या गुणपत्रिकेसोबत एक पानाची सूचना द्यावी की परराज्यात अकरावी केली तर काय गमवाल. आणि डाळ मिलच्या पोरासारख्यांसाठी, पहिली ते बारावी इथं शिकलेल्याला पंधराव्या वर्षाची अट माफ करावी. एवढं एक वाक्य सीईटी सेलच्या पुस्तिकेत टाकायला मंत्रिमंडळाची एक बैठक पुरे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरी यंदा दहावी आहे त्यांनी ही कामं करावीत. निकालाची वाट न पाहता मार्च-एप्रिलमध्येच, तहसीलची गर्दी नसताना, डोमिसाईलचा अर्ज टाकावा. पोराचा जन्म आजोळी, हद्दीपलीकडं झाला असेल तर बापाची टीसी आणि डोमिसाईल आधी काढून ठेवावं. आणि कोटा, हैदराबाद किंवा दुसऱ्या कुठल्याही गावच्या क्लासवाल्यानं अकरावीच्या फॉर्मवर सही मागितली, तर त्याला आधी विचारावं : कॉलेज कुठल्या राज्यातलं?